ऑपरेशन पोटाचं झालं, मनाच्या भुकेचं काय?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन हा विषय आमच्या लासूर स्टेशनसारख्या गावात कालपरवापर्यंत पेपरातल्या बातमीपुरताच होता. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा पहिल्यांदा लोकांना कळलं की जाडी हीसुद्धा ऑपरेशनची गोष्ट असू शकते. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधून इमान अहमद या ३६ वर्षांच्या बाईंना मालवाहू विमानानं मुंबईला आणलं गेलं. चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये ७ मार्चला त्यांचं ऑपरेशन झालं. पुढे त्यांना अबू धाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला तिथंच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची केस फार वेगळी होती. त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पण आपल्याकडे लोकांच्या डोक्यात दोनच गोष्टी बसल्या: एक, हे ऑपरेशन म्हणजे जादू, दोन, हे ऑपरेशन म्हणजे मौत. खरं तर दोन्ही नाही.

आता मात्र हा विषय गल्लीत आलाय. शुगर, गुडघे, झोपेत श्वास अडकणं या त्रासांनी हैराण झालेली माणसं संभाजीनगर, पुणे, मुंबई गाठून ऑपरेशन करून येतात. बायका तर बऱ्याचदा 'पित्ताशयाचं ऑपरेशन झालं' असं सांगतात. का सांगतात, ते आपल्याला ठाऊक आहे. 'अल्लाहनं दिलेलं जिस्म कापून आली' हे ऐकायची कोणाची तयारी नसते. आम्ही आज ऑपरेशन करावं की नाही यावर लिहीत नाही. तो निर्णय डॉक्टर आणि घरच्यांचा. आम्हाला लिहायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. पोट लहान होऊनही खाण्याची ओढ का जात नाही, आणि ती उसळली की करायचं काय, याबद्दल.

आधी पोटात नेमकं काय होतं ते पाहू. आपल्याकडे जास्त करून होतं ते 'स्लीव्ह' ऑपरेशन. यात जठर उभं कापून साधारण पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी ठेवतात. दुसरं 'बायपास'. यात वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलिलिटरची एक छोटी पिशवी बनवून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. म्हणजे चहाच्या कटिंग ग्लासपेक्षाही लहान पोट. स्लीव्हमध्ये जो भाग काढला जातो, तिथंच भुकेचा एक संदेशवाहक, घ्रेलिन, मोठ्या प्रमाणात तयार होतो. घ्रेलिनचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लावला, म्हणजे भुकेचं हे गणित माणसाला कळून फार दिवस झालेले नाहीत. तो कमी झाला की पहिले सहा महिने, कुणाला वर्षभर, भूक जवळजवळ लागतच नाही. वजन झरझर उतरतं. कपडे सैल होतात. लोक विचारतात, 'काय करता हो?' माणूस हवेत असतो.

मग हळूहळू भूक परतते. आणि तिच्यासोबत दुसरीही एक परतते, जी खरं तर कुठं गेलीच नव्हती, फक्त दबली होती. डॉक्टर तिला डोक्यातली भूक म्हणतात. ऑपरेशन जठरावर होतं. आठवणीवर, सवयीवर, एकटेपणावर होत नाही. बारा वर्षं रोज मगरिबच्या आधी चहासोबत काहीतरी कुरकुरीत खाल्लं असेल, तर तो तास आला की हात आपोआप डब्याकडे जाणारच.

या दोन भुका ओळखायला शिकणं हा पहिला धडा. पोटातली भूक सावकाश चढते, समोर मुगाची खिचडी आली तरी चालते, आणि दोन-चार घासांत निवते. डोक्यातली भूक एकदम येते. तिला खिचडी नको असते, तिला चौकातलीच भजी पाहिजे असतात, नाहीतर फ्रीजमधली ती विशिष्ट मिठाई. पोट भरलेलं असतानाही ती थांबत नाही, आणि खाऊन झाल्यावर समाधानाऐवजी शरम देऊन जाते. बहुतेक वेळा तिच्या आधी काहीतरी घडलेलं असतं: कोणी टोचून बोललेलं, पैशांची चिंता, रिकामी दुपार, जनाजा असलेलं घर, रात्रीचं जागरण. कधी तर आनंदही.

आमच्या नात्यात एक आपा आहेत. नाव सांगत नाही, त्यांनीच बजावलंय. ऑपरेशनला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षात ३४ किलो उतरले, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. दुसऱ्या वर्षी मोठा मुलगा शिकायला पुण्याला गेला, मुलगी सासरी गेली, शोहर तर दिवसभर दुकानावर. संध्याकाळी पाच ते सात या वेळात घर खायला उठायचं. त्या एकावेळी दोनच ग्लुकोज बिस्किटं चहात बुडवून खायच्या. दोन बिस्किटांनी काय होतं? पण अर्ध्या तासानं पुन्हा दोन, मग पुन्हा. सात वाजेपर्यंत पुडा संपायचा. एका बैठकीत पोट भरून खाणं आता शक्यच नाही, म्हणून त्यांना स्वतःलाही वाटायचं, मी तर काहीच खात नाही. सहा किलो परत आले तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली: 'एवढे लाख घातले आणि...' तेव्हापासून त्या पुडा कपाटात ठेवायला लागल्या.

आपांची चूक नव्हती असं आम्ही म्हणत नाही. पण हे फक्त 'नफ्सवर काबू नाही' म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. वजन उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. ते भूक वाढवतं, ऊर्जा जपून वापरतं. मेंदूतली जी जागा गोड-तेलकट पदार्थांनी खूश होते, ती ऑपरेशननंतर काही महिने शांत असते आणि पुन्हा जागी होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ऑपरेशननंतर वजन एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली जातं आणि नंतर थोडं वर येतं. बायपास झालेल्यांचं वजन दहा वर्षांनंतरही सरासरी सुमारे २५ टक्के कमीच होतं. मुद्दा हा की थोडं वाढणं हे अपयश नाही, ते अपेक्षित आहे. घाबरायचं ते चोरून खाण्याला.

गायक अदनान सामी यांचं उदाहरण लोक हमखास देतात आणि हमखास चुकीचं देतात. त्यांनी वजनाचं ऑपरेशन केलेलं नाही, हे त्यांनी स्वतः अनेकदा स्पष्ट केलंय. २३० किलोच्या आसपास असताना ह्यूस्टनच्या आहारतज्ज्ञांनी त्यांना सांगितलं की तुम्ही भुकेनं नाही, भावनेनं खाता. वजन उतरवणं हे ८० टक्के मनाचं आणि २० टक्के शरीराचं काम, असं ते सांगतात. आकड्यांवर वाद घालता येईल, पण ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाही हे लागू पडतंच. आजकाल जी वजनाची इंजेक्शनं निघालीत, त्यांनाही.

गोडाचा सापळा

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण घरोघरी यात गफलत होते. बायपासनंतर (स्लीव्हनंतरही काहींना) गोड पदार्थ छोट्या पिशवीत थांबत नाहीत, धाडकन लहान आतड्यात उतरतात. दहा मिनिटं ते अर्ध्या तासात घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, आडवं पडावंसं वाटतं. याला 'डंपिंग' म्हणतात. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम घसरते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि जबर भूक लागल्यासारखं वाटतं. घरचे घाबरून शरबत देतात. साखर चढते, तासा-दोन तासांनी पुन्हा घसरते. म्हणजे आपण जिला भूक समजतो, ती मघाच्या शीर-खुर्म्याची उतरलेली लाट असते. अशा वेळी साखर मोजण्याचं यंत्र घरी असेल तर मोजा. खरंच खूप खाली गेली असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात साखर घ्या आणि मागोमाग अंडं, पनीर असं काही घ्या. हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना कळवलंच पाहिजे.

काही जण म्हणतात, बरं झालं, डंपिंगच पोलिसासारखं उभं राहील. स्लीव्हवाल्यांना हा पोलीस बऱ्याचदा भेटतच नाही. आइस्क्रीम, रबडी, मिल्कशेक, फालुदा हे सगळं त्या नळीतून अलगद घसरत जातं. चिवडा, पापड, चिप्स तोंडातच विरघळतात. नीट शिजवलेला मटणाचा तुकडा मात्र दोन घासांत पोट भरवतो. म्हणून ऑपरेशनवाल्या माणसाला गोश्त 'जड' आणि आइस्क्रीम 'हलकं' वाटायला लागतं. हा हलकेपणाच घात करतो.

यावर उपाय अगदी कंटाळवाणा आहे: आधी प्रोटीन. दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी पोटात जायला हवं असं डॉक्टर सांगतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या आसपास, वाटीभर घट्ट डाळीत ६ ते ८. कोरडं चिकन अडकतं, त्यापेक्षा खिमा, मासा, शोरब्यातलं मऊ गोश्त बरं. वेळेवर प्रोटीन गेलं की डोक्यातल्या भुकेचा जोर खरंच कमी होतो. घास लहान, चावणं भरपूर, जेवण वीस-तीस मिनिटांचं. पाणी जेवणासोबत नाही. अर्धा तास मागे-पुढे, आणि दिवसभर घोट-घोट करत दीड ते दोन लिटर. तहानेलाही मेंदू कधी कधी भूक समजतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा चालूच ठेवायच्या. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर घरगुती इलाज करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. थायमिन नावाचं जीवनसत्त्व संपलं तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

ओढ उसळते तेव्हा

ओढ ही लाटेसारखी असते, चढते आणि उतरते. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत. तेवढा वेळ काढायचा. आपांना त्यांच्या कौन्सेलरनं सांगितलं, 'खाऊ नका' असं स्वतःला म्हणू नका, 'वीस मिनिटांनी खाईन' म्हणा. त्या उठून वुजू करतात, गच्चीवर जातात, बहिणीला फोन लावतात. वीस मिनिटांनी अजूनही हवंच असेल तर मोजून ताटलीत घेतात, बसून खातात, समोर मोबाइल नाही, टीव्ही नाही. पुड्यातून थेट नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुडा आणि ताटली यात फरक आहे: ताटली संपते.

घरात जे नाही ते रात्री अकरा वाजता खाता येत नाही. मुलांसाठी म्हणून आणलेला चिवड्याचा डबा खरंच मुलांसाठी असतो का, हे एकदा प्रामाणिकपणे पाहावं.

आणि एक विनंती. बिर्याणी माझ्यावर हराम, गुलाबजाम हराम, असं म्हणणं बंद करा. हराम या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे, तो मिठाईवर खर्च करू नये हे एक. दुसरं, ज्या दिवशी एक गुलाबजाम खाल्ला जाईल त्या दिवशी मन म्हणेल, आता गुनाह झालाच आहे, तर आणखी चार. मग दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहणं, आणि संध्याकाळी पुन्हा तुटून पडणं. जास्त झालं तर पुढचं जेवण नेहमीसारखं, नेहमीच्या वेळी घ्या. बस.

काहींमध्ये खाण्याची ओढ जाते आणि तिच्या जागी दुसरं काही येतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ऑपरेशनआधी दारूची समस्या असलेले ७.६ टक्के होते, दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. आणि बायपासवाल्यांमध्ये धोका जास्त दिसला, कारण त्यांना दारू लवकर चढते. आपल्यात दारूचा विषय काढला की लोक कानांवर हात ठेवतात. ठेवा, पण गुटखा, तंबाखू, दिवसाला आठ-दहा कप गोड चहा, रात्रभर मोबाइल, हे तरी मोजा.

दस्तरखान आणि घरची माणसं

आपल्याकडे मोहब्बत ताटात वाढतात. वलीम्यात नान-खलिया समोर आला आणि पाहुण्यानं दोन घासांत हात थांबवला की यजमानाचं तोंड उतरतं. 'आमच्या हातचं आवडलं नाही का?' ऑपरेशन झालेल्या माणसाला अशा वेळी खोटं बोलावं लागतं नाहीतर जास्त खावं लागतं, आणि जास्त खाल्लं की घास अडकून उलटी. एक सोपं वाक्य तयार ठेवावं: 'डॉक्टरांनी थोडं-थोडं खायला सांगितलंय, फार छान झालंय, डब्यात द्या.' डबा घरी आल्यावर तो कोणी खायचा हे आधीच ठरलेलं बरं.

घरच्यांशी मात्र आम्हाला जरा स्पष्ट बोलायचंय. ताटावर नजर ठेवू नका. 'एवढंसं खाल्लं तर काय होतंय' आणि 'पुन्हा खातेस?' ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच माणसाला, एकाच दिवशी ऐकवली जातात. पहिल्यानं ती खाते, दुसऱ्यानं ती लपवून खाते. पैशांचा टोमणा तर मुळीच नको. त्यापेक्षा संध्याकाळी तासभर घरी लवकर या, सोबत चालायला जा. आपांच्या घरी हेच झालं. शोहरनं असरनंतर दुकानावर पुतण्याला बसवायला सुरुवात केली आणि दोघं रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतात. सहापैकी चार किलो गेलेत, दोन राहिलेत. आपा म्हणतात, राहू देत.

रमजानबद्दल दरवर्षी विचारणा होते. ऑपरेशननंतर साधारण पहिलं वर्ष रोजे ठेवू नयेत, असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. कारण साधं आहे: दीड-दोन लिटर पाणी घोट-घोट करत दिवसभर घ्यायचं असतं, ते इफ्तार ते सेहरी या वेळेत एकदम ओतता येत नाही. मरीज़ाला शरीअतमध्ये सवलत आहे, कज़ा आणि फिदयाचे मसाइल आपल्या आलिमांना विचारावेत. पण विचारताना डॉक्टरांचा कागद सोबत न्या. ज्यांना परवानगी मिळते त्यांनी दोन-तीन महिने आधीच गोळ्या, इन्सुलिन यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. आणि इफ्तारचं ताट पाहा: खजूर, शरबत, भजी, फळांची चाट, सगळं पहिल्या दहा मिनिटांत. डंपिंगला याहून चांगली दावत नाही. अर्धी खजूर, दोन घोट पाणी, मगरिब पढून या, मग शोरबा आणि अंडं किंवा खिमा. भजी हवीच असतील तर एक, शेवटी. रोजा नाही म्हणून घरात गुन्हेगारासारखं लपून जेवावं लागणं, हे आम्ही पाहिलंय. या लपण्यातूनच अर्ध्याहून जास्त आजार सुरू होतो, असं आमचं मत.

कधी कधी हे घरातल्या घरात निभत नाही. रोज रात्री उठून खाणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, खाताना 'थांबताच येत नाही' असं वाटणं, सतत उदास असणं, ही मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याची लक्षणं आहेत. ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांत स्वतःला इजा करून घेण्याचे विचार वाढतात, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलंय. तेव्हा अशी एखादी गोष्ट कानावर आली तर 'ईमान कमजोर आहे' म्हणून गप्प करू नका, त्याच दिवशी मदत घ्या. घाटी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, आणि मराठीतही बोलता येतं. खाण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत. काही बैठका लागतात, लगेच गुण येत नाही. फोनवरही होतात, म्हणजे प्रत्येक वेळी संभाजीनगरची खेप नको.

आम्ही शिक्षक माणसं, त्यामुळे शेवटी वहीवर येणारच. मुलांची जुनी अर्धी उरलेली वही चालेल. रोज चार रकाने: किती वाजता, काय खाल्लं, त्याआधी काय झालं होतं, पोटाची भूक की डोक्याची. किलो लिहायचे नाहीत, ते आठवड्यातून एकदा पुरे. पंधरा दिवसांत तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागते. आपांच्या वहीत ती होती 'कोणी नव्हतं'. ही वही घरच्यांनी उघडायची नाही. पुढच्या तपासणीला जाताना मात्र रक्ताच्या रिपोर्टसोबत पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.